वाचकांचे प्रश्न : सूचना मांडण्याची वेळ आणि रीत

प्रश्न : मी मोबाइलवर मित्रांसोबत मोटारशर्यतीचा ऑनलाइन गेम खेळतो. मे महिन्यापासून तो सारखा अडखळतो. ‘सर्व्हर बदला’ अशी सूचना मी गेम तयार करणाऱ्यांना तीनदा पाठवली, पण उत्तर आले नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, सक्करदरा

उत्तर : आपण उपाय कळवला, अडचण मात्र कळवलीच नाही. सर्व्हरचा दोष आहे हे कशावरून ठरवले, याचा आपल्या पत्रातही उल्लेख नाही. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना फोन तापतो आणि तापलेला फोन स्वतःला जपण्यासाठी प्रोसेसरचा वेग आपणहून कमी करतो. तेव्हा पडद्यावरचे सगळेच चित्र अडखळत असेल, तर संशय आधी फोनवर घ्यावा. आपली गाडी सुरळीत धावते, पण मित्रांच्या गाड्या मध्येच उड्या मारत पुढे जातात असे दिसत असेल, तर दोष बहुधा इंटरनेट जोडणीचा असतो. एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी खेळून पाहा, आणि मग फोनचे मॉडेल, गेमची आवृत्ती, अडखळण्याच्या नेमक्या आधी काय केले आणि किती वेळा तसे घडले, एवढे चार ओळींत कळवा. उपाय सुचवायचाच असेल, तर तो शेवटच्या ओळीत असू द्यावा.

प्रश्न : आमच्या वसाहतीतील मोकळ्या जागेचे काय करावे, यावर व्हॉट्सॲपवर मतदान झाले. वाहनतळाला 23, मुलांच्या झोक्यांना 19 आणि बाके व चालण्याच्या वाटेला 18 मते पडली. म्हणजे 60 पैकी 37 जणांना तिथे गाड्या नको होत्या, तरी वाहनतळ जिंकला. पसंतीक्रमाने मत घ्यावे असे मी सविस्तर लिहिले, तर ‘काका, तुमची बाके हरली म्हणून का?’ असे उत्तर मिळाले.
— निवृत्त शिक्षक, मनीषनगर

उत्तर : आपला मुद्दा योग्य आहे आणि ते टोमणेवजा उत्तरही पूर्णपणे अन्यायाचे नाही. मते मोजल्यानंतर सुचवलेली पद्धत कितीही निर्दोष असली, तरी लोकांना तिच्यात हरलेल्याचा हट्टच दिसतो. पहिले मतदान होण्यापूर्वी हेच लिहिले असते, तर कदाचित चर्चा झाली असती.

पसंतीक्रम आपल्याकडे नवा नाही. नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिले आहे, त्यांना केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेनने उमेदवारांसमोर 1, 2, 3 असे आकडे लिहिल्याचे आठवत असेल. तिथे वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत, तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार वाटल्या जातात. आपल्या वसाहतीत बाके बाद झाली असती आणि त्या 18 पैकी 12 जणांची दुसरी पसंती झोक्यांना असती, तर झोक्यांची मते 31 झाली असती. तथापि ते 12 जण खरोखर तसे मत देतील, हे आपण गृहीत धरत आहात. नातवंडांच्या आरडाओरड्यापेक्षा गाड्या बऱ्या, असे म्हणणारे आजोबाही वसाहतीत असतातच.

एवढा खटाटोप नको असेल, तर व्हॉट्सॲपच्या मतदानात एकापेक्षा अधिक उत्तरे निवडण्याची मुभा ठेवता येते. ज्यांना झोके आणि बाके दोन्ही चालतात, ते दोन्हींवर खूण करतील. इथेही एक उणीव राहते, ती म्हणजे आपलाच पर्याय पुढे जावा म्हणून काही जण मुद्दाम एकच खूण करतात. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. अशा मतदानात कोणी काय निवडले हे सहसा सर्वांना दिसते आणि मोजणीही डोळ्यांसमोर चालू राहते, त्यामुळे शेजाऱ्याला दुखवायचे नाही म्हणून मत देणारे कमी नसतात.

आता झालेल्या निकालावर वाद घालू नये. पावसाळ्यानंतर रंगकाम, पाण्याची टाकी असा पुढचा विषय निघेल, तेव्हा पर्याय ठरण्याआधीच दोन वाक्यांत सुचवावे की चिठ्ठीवर पसंतीचे आकडे लिहून ती चौकीदाराच्या खोलीतील डब्यात टाकावी, आणि मोजणी तिन्ही बाजूंच्या एकेका माणसासमोर करावी. बाकांचा उल्लेख त्यात नको.