कंसातले कुंत्से

विचारणा अशी आहे: वनस्पतीच्या शास्त्रीय नावामागे कधी एकच आडनाव असतं, कधी दोन, आणि दोन असली की त्यातलं पहिलं कंसात. उदाहरण दिलं आहे ‘स्टँगेरिया इरिओपस (कुंझे) बायों’. कंसातलं नाव पर्यायी समजायचं का, आणि ‘कुंझे’ हा उच्चार बरोबर आहे का?

उच्चाराचं आधी. नाव जर्मन आहे, आणि जर्मनमधला हा ‘झेड’ म्हणजे आपल्या ‘चाक’मधला दंत्य च. तरीही ‘कुंचे’ लिहून भागत नाही, कारण मराठी वाचक तिथे ‘चेहरा’तला तालव्य च वाचणार. म्हणून ‘कुंत्से’. ‘कुंझे’ हे इंग्रजीच्या वाटेनं आलेलं रूप.

आता कंस. मराठी मजकुरात कंसातलं वगळलं तरी वाक्य चालतं, त्यामुळे ते दुय्यम वाटतं. इथे मात्र तो मान पहिल्या नामकर्त्याचा आहे. प्रजातीचं विशेषण, म्हणजे नावातला दुसरा शब्द, ज्यानं ठेवलं तो कंसात. पुढे तिला दुसऱ्या वंशात, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दाच्या गटात, ज्यानं हलवलं तो कंसाबाहेर. वंश बदलला तरी जुनं विशेषण सहसा टिकवावं लागतं.

तुमचं उदाहरण तर फारच मजेदार निघालं. गुस्टाव कुंत्से (१७९३–१८५१) लाइपझिगचे. शिक्षणानं वैद्य, बुरशीवर लिहिलं, भुंग्यांवर लिहिलं, १८३७ पासून तिथल्या वनस्पती-उद्यानाचे संचालक झाले. पण खरा जीव नेच्यांत, म्हणजे फर्नमध्ये. देशोदेशीचे वाळवलेले नमुने त्यांच्याकडे येत. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या एका वनस्पतीचं पान त्यांना नेच्याचं वाटलं आणि १८३९ मध्ये त्यांनी तिला ‘लोमारिया इरिओपस’ म्हटलं. इरिओपस म्हणजे लोकरी पायाची. पुढे तिथल्याच नाताळ या ब्रिटिश वसाहतीचे सर्वेक्षणप्रमुख विल्यम स्टँगर यांनी असंच एक रोप लंडनच्या चेल्सी उद्यानात धाडलं आणि त्याला चक्क शंकू आला! नेच्यांना शंकू येत नाहीत, बियाही नाहीत. त्यांची बीजुकं, म्हणजे धुळीसारखे प्रजननाचे कण, पानांमागे धरतात. ही तर सायकसच्या, म्हणजे बागेतल्या त्या ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या, गोतातली बीजधारी वनस्पती. उद्यानाचे प्रमुख थॉमस मूर यांनी १८५३ मध्ये तिला ‘स्टँगेरिया पॅराडॉक्सा’ असं नवं नाव दिलं. पण ‘इरिओपस’ आधीचं. म्हणून १८९२ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बायों यांनी मूर यांचा वंश आणि कुंत्सेंचं विशेषण एकत्र आणलं. मूर यांनी वनस्पतीची खरी जात ओळखली, पण त्यांचं नाव या जोडीत कुठेच नाही. मला हे जरा अन्यायाचं वाटतं, पण नियम अग्रक्रमाचा आहे, अचूकतेचा नाही.

कुंत्सेंना फार हसू नये. शंकू नसेल तर हे पान भल्याभल्यांना चकवेल. त्यातल्या शिरांची ठेवणही सायकसच्या इतर भाईबंदांसारखी नाही. आपल्या सह्याद्रीतल्या ‘अॅथिरियम होहेनॅकेरिआनम’ या अस्सल नेच्याच्या नावामागेही ‘(कुंत्से) टी. मूर’ असंच येतं. तिथे मूर आहेत.

प्राण्यांच्या नावांत मात्र कंसाबाहेरचा माणूस बहुधा लिहीतच नाहीत. एकटा पहिला नामकर्ता कंसात राहतो.