प्रश्न केनियाचा, घोर सोसायटीतल्या १८ लाखांचा

पत्र खानापूर तालुक्यातून आलं आहे. लिहिणाऱ्या २८ वर्षांच्या, बेळगावातल्या एका खासगी शाळेत पाच वर्षं शिक्षिका, पगार २४,०००. नैरोबीच्या झोपडपट्टीतल्या मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरचे उपक्रम (खेळ, वाचन, हस्तकला) उभे करायला ऑक्टोबर ते डिसेंबर स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. एजन्सीची फी २ लाख ६० हजार, विमान ६० हजार, बाकी किरकोळ २० हजार. परत आल्यावर आंतरराष्ट्रीय संस्थेत ६० हजारांची नोकरी मिळेल असं एजन्सीने सांगितलंय. स्वतःची शिल्लक ६० हजार आहे, ती अडीअडचणीसाठी राखायची आहे. बाबा वायव्य परिवहनमधून (कर्नाटकची सरकारी बससेवा) निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय ६२. त्यांचे पीएफ-ग्रॅच्युइटीचे १८ लाख एका सौहार्द सोसायटीत (कर्नाटकातली एक प्रकारची सहकारी पतसंस्था) ११ टक्क्यांनी ठेवलेत, घर त्या व्याजावर चालतं. विचारलंय एवढंच: या ठेवीवर १३ टक्क्यांनी कर्ज काढू, की आईचे दागिने गहाण ठेवू?

आणि शेवटून दुसऱ्या ओळीत: "दिवाळीपासून व्याज ५ तारखेऐवजी २०-२५ ला जमा होतंय, पण एजंट काका घरच्यासारखे आहेत, त्यामुळे तशी काळजी नाही."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: दोन्ही नको. ३ लाख ४० हजारांचं कर्ज १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेअकरा हजारांच्या आसपास, म्हणजे निम्मा पगार. व्याज ७२ हजार, तीन महिन्यांचा बुडालेला पगार आणखी ७२ हजार. सहल पावणेपाच लाखांच्या पुढे गेली. शिवाय ठेव बाबांच्या नावावर असल्याने कर्जही त्यांच्याच नावावर निघेल. तुमचा हप्ता चुकला की कापलं जाईल ते त्यांचं व्याज.

आता त्या शेवटून दुसऱ्या ओळीकडे येऊ. मला काळजी आहे, आणि तुम्हालाही असायला हवी.

सोसायटी ११ टक्के देते म्हणजे तिला कर्ज १४-१५ टक्क्यांनी द्यावं लागतं. बँक ज्याला ९-१० टक्क्यांनी देते तो माणूस १५ टक्क्यांनी कशाला घेईल? घेतो तो, ज्याला बँकेने परत पाठवलंय. अशी कर्जं थकली की जुन्या ठेवीदारांचं व्याज नव्या ठेवींतून आणि पिग्मीतून (एजंट रोज दारात येऊन गोळा करतो ती छोटी बचत) भागवावं लागतं. ओढाताण सुरू झाली की आधी व्याजाची तारीख घसरते. मग "पावती रिन्यू करा, अर्धा टक्का जास्त देतो" सुरू होतं. मग काउंटरवर "मॅनेजर नाहीत, सोमवारी या". त्यानंतर शटर. तुमची सोसायटी पहिल्या पायरीवर आहे. कदाचित खरंच संगणकाचा घोळ असेल. पण १८ लाखांवर असा कदाचित परवडत नाही.

तुम्ही लिहिता, "सोसायटी सरकारमान्य आहे, पाच लाखांपर्यंत विमाही असतो." नसतो. ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांचं संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्था, सौहार्द सोसायट्या, मल्टीस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या) सोसायट्या त्यात येत नाहीत. सौहार्दची नोंदणी कर्नाटकच्या १९९७ च्या कायद्याखाली होते आणि मल्टीस्टेटची दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे. नोंदणी झाली म्हणजे रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळाला असं नव्हे. सोसायट्यांच्या ठेवींना विमा नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता. पावतीवरचा "सरकारमान्य" हा शब्द दुकानाच्या लायसन्सइतक्याच किमतीचा.

हिशेब बघा. १८ लाखांवर ११ टक्क्यांनी महिन्याला १६,५०० येतात. तेच पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या ८.२ टक्क्यांनी १२,३०० देतील. फरक ४,२००, वर्षाला ५० हजार. हे जादा ५० हजार मिळवायला बाबांनी ३५ वर्षांची नोकरी पणाला लावली आहे. सोसायटी बुडाली तर तेवढं नुकसान या जादा व्याजातून भरून यायलाही ३५ वर्षंच लागतील.

महिन्याला ४,२०० कमी पडतील हे खरं आहे, आणि बाबांचं ईपीएसचं (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं) पेन्शन जेमतेम ३ हजार. पण आई दुकानातून रोज २०० ची पिग्मी याच सोसायटीत भरते, असं तुम्हीच लिहिलंय. महिन्याला ६ हजार झाले. ती पिग्मी उद्यापासून बंद करा, खड्डा तिथेच भरतो.

बंद करताना पासबुक काकांच्या हातात देऊ नका. स्वतः शाखेत जा आणि खात्याचा उतारा घेऊन एजंटाच्या मशीनमधून निघालेल्या चिठ्ठ्यांशी ताळा करा. घोटाळा बहुधा इथे सापडतो: चिठ्ठी २०० ची, खात्यात जमा आठवड्यातून चार दिवसांचीच. या चिठ्ठ्या थर्मल कागदाच्या असतात, काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून आजच फोटो काढून ठेवा.

मग ठेवी. प्रत्येकी ३ लाखांच्या सहा पावत्या आहेत हे बरं झालं, एकदम १८ लाख मागायची गरज नाही. सगळ्या पावत्यांच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहा. ज्यांची मुदत तीन महिन्यांत संपते त्यांच्यासाठी "नूतनीकरण करू नये, रक्कम खात्यात वर्ग करावी" असा अर्ज आताच द्या. नाहीतर पावती आपोआप पुढच्या दोन वर्षांवर जाते. उरलेल्यांपैकी एक मुदतपूर्व मोडा. सोसायटी २ टक्के व्याज कापते असं लिहिलंय, म्हणजे ३ लाखांवर वर्षाचे ६ हजार. कापू दे. या ६ हजारांत सोसायटीकडे पैसे आहेत की नाहीत हे कळतं. आठ दिवसांत रक्कम आली तर बाकीच्या शांतपणे काढा. "मार्चनंतर बघू" म्हणाले, तर पाचही पावत्यांचे अर्ज त्याच दिवशी.

अर्ज दोन प्रतींत हवा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख. तोंडी मागणी ही मागणी नसते. २० हजार किंवा त्यावरची ठेव रोखीने परत देता येत नाही, म्हणून रक्कम आरटीजीएसने बाबांच्या राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यात घ्या. "दर शनिवारी थोडे थोडे रोख नेत जा" या प्रस्तावाला नाही म्हणा. पावतीच्या मागचे नियम कन्नडमध्ये असतील, तेवढ्यापुरता सीमाप्रश्न बाजूला ठेवून जाणकाराकडून वाचून घ्या. पैसे अडकले आणि सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करायची वेळ आली, तर तीही कन्नडमध्ये लिहून घ्या, फाईल टेबलावरून लवकर हलते. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी कर्नाटकाचा २००४ चा कायदा आहे. पण त्यातून पैसे मिळतात ते मालमत्ता जप्त होऊन विकल्यावर, वर्षानुवर्षांनी.

एक गंमत सांगतो. मुदतपूर्व मोडायला सोसायटीने साफ नकार दिला, तर तुम्ही सुचवलेलं ठेव तारण कर्ज ही पैसे बाहेर काढायची शेवटची वाट ठरते. फक्त ती रक्कम नैरोबीला न जाता पोस्टात गेली पाहिजे.

पैसे जसजसे येतील तसतसं ज्येष्ठ नागरिक योजनेत खातं उघडत जा. वेगवेगळी खाती चालतात, सगळी मिळून ३० लाखांची मर्यादा. व्याज तिमाहीला येतं. घरखर्चाला दरमहा लागत असेल तर काही भाग पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत ठेवा, तिथे सध्या ७.४ टक्के आहेत. वारसाचं नाव लावायला विसरू नका. आताच्या सहा पावत्यांवर ते नाही.

आता केनिया. मनात असेल तर जा, पण या तारखांना आणि या एजन्सीमार्फत नाही. केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि तिसरं सत्र ऑक्टोबरअखेर संपतं. नोव्हेंबर-डिसेंबर मोठी सुट्टी. शाळाच नाही तर "शाळा सुटल्यानंतर" कुठून येणार? हे ज्या एजन्सीने सांगितलं नाही, तिला एकतर माहीत नाही किंवा फी हवी आहे. तिने तुमच्याकडे पोलीस दाखलाही मागितलेला दिसत नाही. लहान मुलांमध्ये माणूस पाठवण्याआधी जी संस्था तो मागत नाही, तिच्या प्रमाणपत्रावर ६० हजारांची नोकरी कोण देणार? पैसे भरून केलेलं काम बायोडेटात एक ओळ होतं, फार तर दोन. तुमची पाच वर्षांची शिकवणी जास्त वजनाची आहे. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम २७ वर्षांवरच्या आणि तीन वर्षं अनुभव असलेल्यांना उलट निर्वाह भत्ता देतो. तिथे नाव नोंदवा, फी नाही.

स्वतःच्या खर्चाने जायचं असेल तर आपल्या उन्हाळी सुट्टीतला मे महिना बघा. तिथलं दुसरं सत्र तेव्हा चालू असतं आणि तुमचा पगारही बुडत नाही. स्थानिक संस्थेचं निमंत्रणपत्र थेट मिळवा. पर्यटक परवान्यावर बिनपगारी कामही चालत नाही, त्यामुळे स्पेशल पास (थोड्या मुदतीच्या कामाचा केनियाचा परवाना) कोण काढणार हे लेखी विचारा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी हवी, नाहीतर परतताना विमानतळावरच विलगीकरणात पाठवतील. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते.

संस्थेला तीन गोष्टी विचारा: तुम्ही परतल्यावर वर्ग कोण चालवणार, सामानाच्या ट्रंकेची किल्ली कुणाकडे राहणार, आणि मुलांना खाऊ कोण देणार. संध्याकाळचे वर्ग बंद पडतात ते याच तीन कारणांनी. चार वाजता उपाशी मूल गोष्ट ऐकायला बसत नाही. चेंडू नेणार असाल तर पंप आणि दोन सुया आधी बॅगेत टाका. नैरोबीत वर्षभर साडेसहाच्या सुमारास अंधारतं, वर्ग पावणेसहाला सुटला नाही तर मुली आठवडाभरात यायच्या बंद होतात. लहान मुलं किस्वाहिली बोलतात, तुमचं इंग्रजी मोठ्यांपुरतंच.

चार आठवड्यांचा खर्च: विमान ६०, राहणं-खाणं ४०, परवाना-लस-विमा २५. सव्वा लाख. महिन्याला ८ हजार टाकता येतात असं तुम्ही लिहिलंय, तर दहा महिन्यांत ८० हजार जमतात. उरलेले ४५ शिल्लकेतून घ्या आणि परतल्यावर सहा महिन्यांत भरून काढा. कर्ज शून्य. एजन्सीला बुकिंगचे पैसे अजून दिले नसतील तर देऊ नका.

पहिला अर्ज दिला की त्याच संध्याकाळी काका घरी येतील. सगळ्यांनी पैसे काढले तर सोसायटी कशी चालेल, असं विचारतील. चहा द्या आणि त्यांची स्वतःची ठेव तिथे किती आहे ते विचारा.