स्कॅनवर न दिसणारी गाठ

मेंदूतल्या गाठीची वाढ आणि तिच्यावरचे उपचार संगणकावर कसे मांडतात, याबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न विचारले होते. त्यातले काही आज घेते. मी गणिताच्या बाजूची आहे. उपचार ठरवणं माझं काम नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : माझ्या भावाला ग्लायोब्लास्टोमा (मेंदूतली झपाट्याने वाढणारी कर्करोगाची गाठ) झाला. ऑपरेशननंतरच्या एमआरआय रिपोर्टमध्ये ‘गाठ शिल्लक नाही’ असं होतं. आठ महिन्यांत तिथेच पुन्हा गाठ आली. सर्जनच्या हातून काही राहून गेलं का?

रिपोर्टमध्ये तसं असेल, तर दिसणारं सगळं निघालेलं होतं. उरतं ते न दिसणारं. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनवर उठून दिसणारं द्रव्य) देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये जो भाग पांढरा चमकतो, तिथल्या रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात आणि गाठीच्या पेशींची दाटी असते. त्या कडेच्या बाहेर पेशी संपत नाहीत, फक्त विरळ होत जातात. निरोगी पेशींच्या मधून, मज्जातंतूंच्या वाटेवाटेने त्या पुढे सरकलेल्या असतात आणि आजचं कुठलंही स्कॅन त्या एकेकट्या पेशी दाखवू शकत नाही.

१९२८ साली वॉल्टर डँडी या सर्जनने अशा काही रुग्णांचा मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून टाकल्याची नोंद प्रसिद्ध केली. इतकं करूनही आजार हटला नाही. तेव्हा भावाच्या बाबतीत ‘अजून थोडं काढायला हवं होतं का’ हा सल मनात ठेवू नका. हा आजारच असा आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. गाठीच्या वाढीच्या या गणिती मॉडेलमध्ये नेमकं कुठलं समीकरण असतं?

मूळ समीकरण १९३७ सालचं आहे. फिशर यांनी ते एखादं उपयुक्त जनुक लोकसंख्येत कसं पसरतं यासाठी लिहिलं होतं आणि त्याच वर्षी कोल्मोगोरोव, पेट्रोव्स्की व पिस्कुनोव यांनीही त्यावर काम केलं. १९९०च्या दशकात जेम्स मरे, क्रिस्टिन स्वॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मेंदूच्या गाठींना लावलं. त्यात दोनच गोष्टी आहेत : पेशी किती वेगाने सरकतात (डी) आणि किती वेगाने दुप्पट-चौपट होतात (ऱ्हो). ओल्या कापडावर पसरणारा शाईचा थेंब डोळ्यांसमोर आणा. फक्त ही शाई पसरता पसरता स्वतः वाढतही असते. सगळं कापड एकसारखंही नाही. पांढऱ्या द्रव्यात (मेंदूतल्या मज्जातंतूंच्या जुडग्यांत) पेशी करड्या द्रव्यापेक्षा (चेतापेशींच्या थरांपेक्षा) जास्त वेगाने सरकतात. स्वॅन्सन यांच्या २०००च्या सुमाराच्या मॉडेलमध्ये हा फरक पाचपट धरला होता.

गाठीची कड पुढे सरकण्याचा वेग येतो डी आणि ऱ्होच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुप्पट. आता मला या विषयात ओढून घेणारी गंमत बघा. उदाहरणादाखल एका गाठीत डी वर्षाला ४० चौरस मिलिमीटर आणि ऱ्हो वर्षाला १० घ्या. दुसरीत उलट, डी १० आणि ऱ्हो ४०. दोन्हींचा वेग वर्षाला ४० मिलिमीटर. स्कॅनवर दोघी जुळ्या बहिणी वाटतील. पण कडेबाहेरची विरळ शेपटी किती लांब, हे डी भागिले ऱ्होच्या वर्गमुळावर ठरतं : पहिलीत २ मिलिमीटर, दुसरीत अर्धा. म्हणजे तेवढं अंतर गेलं की पेशींची दाटी पावणेतीन पटींनी कमी होते. कडेपासून २ सेंटिमीटरवर पहिल्या गाठीत दाटी कडेवरच्या दाटीच्या साधारण बावीस हजारांतला एक भाग उरते. एका घन सेंटिमीटरमध्ये दहा कोटींच्या घरात पेशी मावतात असं धरलं, तर तिथेही घन सेंटिमीटरमागे चार-पाच हजार पेशी निघतात. दुसऱ्या गाठीत तिथे जवळपास काहीच नसतं.

रेडिएशन देताना कडेबाहेर किती मिलिमीटर जागा धरायची हा रोजचा प्रश्न आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती सगळ्यांना सारखीच आखतात. या दोघींना ती सारखी कशी पुरेल? मॉडेलचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

प्रश्न : वडिलांचं स्कॅन दिलं तर संगणक त्यांच्याकडे किती दिवस आहेत ते सांगेल का?

नाही. कुणी सांगतो म्हणालं, तरी त्यावर घरातले निर्णय घेऊ नका.

डी आणि ऱ्हो हे दोन आकडे काढायला किमान दोन स्कॅन लागतात, आणि तीही मध्ये कुठला उपचार झालेला नसताना काढलेली. निदान झाल्यावर ऑपरेशन लवकर होतं आणि तसंच व्हायला हवं. त्यामुळे दोन स्कॅनमध्ये बहुधा थोडेच दिवस असतात, आणि तेवढ्या दिवसांत कड सरकली की मोजण्यात चूक झाली हे सांगणं अवघड जातं. पुढे केमो आणि रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत स्कॅन बिघडल्यासारखं दिसू शकतं आणि नंतर आपोआप निवळतं. त्या वेळी मॉडेलने गाठ वाढली असं धरलं, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या मोठ्या चाचणीत रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांपेक्षा जास्त जगले. त्याच गटात दोन वर्षांनंतर चारांतला एक हयात होता. वडील या पसाऱ्यात कुठे आहेत, हे त्यांचं वय, त्यांची तब्येत, गाठीची जनुकीय तपासणी यांवरून त्यांचे डॉक्टर जास्त चांगलं सांगतील. त्यांना थेट विचारा. असं विचारण्यात काही गैर नाही.

प्रश्न : रेडिएशनसाठी तीस वेळा का जावं लागतं? पाच-सहा मोठ्या डोसांत उरकता येणार नाही का?

इथे गणित कागद-पेन्सिलीनेही करता येतं. एका वेळच्या मात्रेचा परिणाम दोन भागांत असतो : एक मात्रेच्या प्रमाणात, दुसरा तिच्या वर्गाच्या प्रमाणात. निरोगी मेंदूला हा वर्गाचा भाग जास्त झोंबतो. नेहमीचे आकडे धरून ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) तीस वेळा विभागले, तर तुलनेच्या मापात गाठीवरचा परिणाम ७२ आणि निरोगी भागावरचा १२० येतो. तेच ६० ग्रे सहा वेळांत दिले तर गाठीवर १२०, निरोगी भागावर ३६०. गाठीला पावणेदोन पटही मिळत नाही आणि चांगल्या मेंदूला तिप्पट भोगावं लागतं. दीड महिन्याच्या चकरा त्यासाठी.

वेळापत्रक बदलून बघण्याला मात्र अर्थ आहे. २०१४ साली उंदरांवरच्या एका प्रयोगात गणिताने सुचवलेल्या वेळा पाळल्या. एकूण मात्रा तीच, फक्त वाटणी वेगळी, आणि उंदीर जास्त जगले. उंदीर आणि माणूस यांत मोठं अंतर आहे. तरीही हा निकाल वाचला त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

प्रश्न : आता एआय आहे, मग समीकरणं कशाला?

गाठीची कड आखण्यात एआय खरोखर तरबेज झालं आहे. २०१२पासून ब्रॅट्स नावाची स्पर्धा त्यासाठीच चालते. पण ते शिकतं दिसणाऱ्या कडेवरून, आणि आपली अडचण कडेबाहेरची आहे. दोन्ही एकत्र वापरायला हवीत.

प्रश्न : आईची स्कॅन संशोधनासाठी द्यायची आहेत. काय जपून ठेवू?

जरूर द्या, रुग्णालयाच्या रीतसर संमतीपत्रावर सही करून. फिल्म नको, सीडीतल्या मूळ डायकॉम फाइली (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइली) ठेवा. ऑपरेशनच्या आधीचं एखादं जुनं स्कॅन असेल, अगदी डोकेदुखीसाठी सहज काढलेलं, तर ते आम्हाला सर्वांत मोलाचं. आणि प्रत्येक स्कॅनच्या दिवशी डेक्सामेथासोनची गोळी किती चालू होती, ते तारखेसह लिहून ठेवा. त्या गोळीने सूज ओसरते आणि गाठ आहे त्याहून लहान दिसू शकते. ती नोंद नसली की गोळीचा परिणाम कुठला आणि गाठीचा कुठला, हे आम्हाला वेगळं काढता येत नाही.