पंपाचा हेड आधी मोजा, अश्वशक्ती मागाहून

प्रश्न (देवगड तालुका) : विहिरीवर ३ एचपीचा पंप आहे. २०० मीटर लांबीच्या दीड इंची (५० मि.मी.) पीव्हीसी पाइपने कातळावरच्या टाकीत मिनिटाला १५० लिटर पाणी पडते, नव्या कलमांसाठी १८० लिटर हवे आहे. दुकानदार म्हणतो, हेड कमी पडतो, ५ एचपी घ्या. पंप किती हेड देतो, हे कसे काढावे?

उत्तर : हेड म्हणजे पाणी जितके मीटर चढवायचे ती उंची, पाइपमधील घर्षणाची भर धरून. पंपाच्या डिलिव्हरीला (पाणी बाहेर पडते त्या तोंडाला), नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी उलटे येऊ न देणाऱ्या झडपेच्या) वरच्या बाजूस, प्रेशर गेज (दाबमापक) बसवावा. दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब म्हणजे १० मीटर पाण्याचा स्तंभ. पाइप टाकीपर्यंत भरलेला असताना पंप बंद करून गेज वाचला की टाकीची उंची कळते. पंप चालू करून वाचला की त्यात पाइपमधील घर्षणाची भर पडते. आपल्याकडे हे आकडे साधारण २.८ आणि ३.८ येतील. म्हणजे उंची २८ मीटर, घर्षण १० मीटर. त्यात विहिरीतील ओढ (पाण्यापासून पंपापर्यंतची उंची) ६ मीटर धरून मिळवली की एकूण हेड ४४ मीटर. सेकंदाला २.५ लिटर गुणिले ४४, भागिले ७५ (सेकंदाला ७५ किलो एक मीटर उचलणे म्हणजे १ एचपी), हे १.४७ एचपी होतात. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर २.९. म्हणजे पंप आपले काम चोख करतो आहे, पाणी अडवतो तो पाइप.

त्याच पाइपमधून १८० लिटर ढकलायचे तर घर्षण सुमारे १४ मीटरवर जाते आणि ३.८ एचपी लागतात. दुकानदाराचा ५ एचपी येतो तो इथून. दोन इंची (६३ मि.मी.) पाइप टाकल्यास तेच घर्षण साडेचार मीटरच्या आसपास राहते आणि आहे तोच पंप जवळपास पुरतो. त्यामुळे एचपी वाढवू नये, पाइप बदलावा. पंपाच्या पट्टीवरील 'कमाल हेड' दाखवून कोणी गळ घातली तर तो आकडा व्हॉल्व्ह बंद असतानाचा, म्हणजे पाणी शून्य असतानाचा असतो, हे लक्षात ठेवावे.

मोजणी मे महिन्यातच करावी. दिवाळीच्या सुमारास विहीर भरलेली असताना माप घेऊन पंप गळ्यात मारण्याची रीत मी अनेक बागांत पाहिली आहे. काठावरचा पंप व्यवहारात ६ ते ७ मीटरपलीकडून पाणी ओढत नाही. पाणी त्याखाली गेले तर ५ काय, १० एचपीही निरुपयोगी. पंप खाली घ्यावा किंवा पाण्यात बुडणारा घ्यावा. पुन्हा सांगतो, एचपी वाढवू नये.

टाकी कातळावर आहेच, तर कलमांना पाणी ठिबकनेच द्यावे; टाकीपासून १० मीटर खालच्या कलमांना पंपाविना १ किलो दाब मिळतो. अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के, वर राज्याचे पूरक, अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर. पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी मात्र, दुकानदार काहीही सांगो, खरेदी करू नये.