वादळाआधीची वही

प्रिय,

वादळ दोन-तीन दिवसांवर आलंय आणि वस्तीतल्या स्वयंसेवकांचं काम तुझ्याकडे आहे. सुरुवात कुठून करू, असं तू फोनवर विचारलंस. दोर आणि फळ्या दुसरं कुणीही जमवेल. तू वही घे आणि घरोघर फीर.

प्रत्येक दाराशी एवढंच विचार: निघायची वेळ आली तर तुमचं कशामुळे अडेल? "निघू की आम्ही," या उत्तरावर विसंबू नकोस. कुणाचं माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणाची गाय दावणीला असते, कुणाला मागे घर फोडतील याची धास्ती असते. एक आजी मला तीनदा नाही म्हणाल्या. चौथ्या खेपेला मी नुसता त्यांच्या ओट्यावर बसून राहिलो, तेव्हा हळूच बोलल्या: जिना चढवत नाही. निवारा वरच्या मजल्यावर होता आणि हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. दोघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर नेलं.

वाऱ्याला सगळेच भितात, पाण्याला नाही. वादळ समुद्राला किनाऱ्यावर लोटतं आणि ती वेळ भरतीची असली तर पाणी आणखी चढतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. भिंत पक्की आहे, या भरवशावर सखल भागात कुणाला थांबू देऊ नकोस. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे 10 हजार माणसं गेली. 2013 मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं, तेही भयंकर होतं, पण लाखो लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. म्हणून दारोदार फिरण्याचा एवढा आग्रह धरतोय.

औषधं, चिठ्ठ्या, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालायला सांग. पिशवीच्या तोंडाला पीळ द्यायचा, ते दुमडायचं आणि मग दोऱ्याने आवळायचं. नुसत्या गाठीतून पाणी शिरतं.

मध्येच वारा पडला, आभाळ उघडलं, तर दार अडवून उभं राहा. वादळाचा डोळा, म्हणजे त्याचा मधला शांत भाग, डोक्यावर आलेला असतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने सुटतो आणि आधीच खिळखिळे झालेले पत्रे तेव्हा उडतात.

वहीत प्रत्येक नावापुढे एक रकाना मोकळा ठेव. माणूस निवाऱ्यात पोचलं की तिथे वेळ लिही. रकाना कोरा दिसला, तर उजेड आहे तोवर पुन्हा त्या दाराशी जा.