चाकातला आवाज: आधी कान, मग पाना

मित्रा, चाकातून आवाज येतोय म्हणून लगेच ब्रेकचे पॅड बदलायला धावू नकोस. आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की नुसती गाडी चालताना, एवढं आधी ठरव.

दाबल्यावर बारीक किंचाळतो? बहुधा पॅड संपत आलेत. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते, ती डिस्कला, म्हणजे पॅड जिला दाबून धरतात त्या फिरत्या चकतीला, घासून ओरडते. खरखर येत असेल तर मात्र लोखंडावर लोखंड घासतंय, गाडी उभी कर. पावसात रात्रभर उभ्या गाडीची सकाळची खरखर वेगळी, तो डिस्कवरचा गंज. चार-पाच ब्रेकांत जातो.

वेगाबरोबर वाढणारी घुंईं म्हणजे बहुधा बेअरिंग, चाक ज्यावर फिरतं तो भाग. मोकळ्या रस्त्यावर साठच्या आसपास गाडी हलकेच डावीकडे घे. आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित, कारण वजन तिकडे जातं. टायर वेडेवाकडे झिजले तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी टायरवरून हात फिरव. मी तो फिरवला नाही आणि चांगलं बेअरिंग बदलून बसलो!

पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना कटकट आली तर ॲक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट. त्याचं रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटलंय का बघ.

आणि अचानक कर्कश घासायला लागलं तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलाय का, तेही पाहा. माझा एकदा रिव्हर्स घेताच पडला, फुकटात.