त्या मुलांना पुस्तकं कोण देतं?

प्रश्न : माझी मुलगी १२ वर्षांची आहे. बातम्यांमध्ये युद्धात पडलेली घरं, ढिगाऱ्यावर बसलेली मुलं दिसली की ती उठून आतल्या खोलीत जाते आणि पुस्तकात डोकं घालते. हाका मारल्या तरी ओ देत नाही. याला वाचन म्हणायचं की पळ काढणं? परवा तिनं विचारलं, "आई, त्या मुलांना पुस्तकं कोण देतं गं?" मला काही सांगता आलं नाही.
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी लेकीला उत्तर देतो. तिचा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

सीरियात दमास्कसला खेटून दारय्या नावाचं गाव आहे. तिथल्या यादवी युद्धात नोव्हेंबर २०१२ पासून ऑगस्ट २०१६ पर्यंत सरकारी फौजांनी या गावाला वेढा घातला होता. हेलिकॉप्टरमधून स्फोटकांनी भरलेली पिंपं पडायची. खायला नाही. संयुक्त राष्ट्रांचं धान्य आत पोचायला जून २०१६ उजाडला. अशा गावात काही तरुण पोरं पडक्या घरांत शिरून पुस्तकं बाहेर काढत होती. कुठून गोळी येईल याचा नेम नाही, तरी जात होती. होता होता १४ हजारांच्या आसपास पुस्तकं जमली आणि बॉम्बनं मोडलेल्या एका इमारतीच्या तळघरात वाचनालय सुरू झालं.

मी ३१ वर्षं तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसलो. त्यामुळे मला सगळ्यात भिडली ती त्यांची नोंद. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, आणि आत मूळ मालकाचं नाव. मालक हयात आहे का, माहीत नाही. घर तर पडलेलंच. पण युद्ध संपलं की ज्याचं त्याला परत द्यायचं, म्हणून नाव. दाखल नोंदवहीत मी हजारो नोंदी केल्या असतील, अशी एकही केलेली नाही.

तिथला मुख्य ग्रंथपाल होता शेजारच्या घरातला १४ वर्षांचा मुलगा. बाहेर खेळणं जिवावरचं, म्हणून तो तळघरात यायचा. त्याची आवड बघून त्याला ते पद मिळालं. एक लहान मुलगी तर जवळजवळ घरातच कोंडलेली होती. भूक विसरायला खेळ खेळायची आणि ओळखीची माणसं वाचनालयातून आणून देतील ती पुस्तकं वाचायची. तेव्हा लेकीला सांगा, त्या मुलांना पुस्तकं त्यांच्याच गावातल्या ताई-दादांनी दिली. गाव रिकामं करावं लागल्यावर ते वाचनालय लुटलं गेलं, हेही सांगा. १२ वर्षांच्या मुलीला अर्धी गोष्ट सांगू नये.

आता तुमचा प्रश्न. बोस्नियातल्या साराजेवो शहराला युद्धात वेढा पडला होता. तिथली ज़्लाता फिलिपोविच तुमच्या लेकीपेक्षाही लहान होती. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या आणि पुढे छळछावणीत मेलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीनं आपल्या डायरीला नाव दिलं होतं हे तिला माहीत होतं, म्हणून १९९२च्या मार्चमध्ये तिनंही आपल्या डायरीचं नाव ठेवलं, मिमी. पुढे लोक तिची तुलना ॲनशी करू लागले तेव्हा तिला भीती वाटली. ॲनच्या नशिबी आलं ते आपल्या नशिबी नको, असं तिनं लिहून ठेवलं. म्हणजे पुस्तकात शिरलेलं मूल जगाला विसरलेलं नसतं. बाहेर काय चाललंय ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

युद्ध मी पाहिलेलं नाही, पूर पाहिलाय. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीकडच्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. तिथे मी बालपुस्तकांची एक पेटी नेली. आठेक वर्षांच्या एका मुलानं पुस्तक घेतलं आणि विचारलं, "काका, परत कधी द्यायचं?" घरात छातीएवढं पाणी, आणि हा तारीख मागतोय! मी कागदाच्या चिठ्ठीवर तारीख लिहून दिली. ती त्यानं घडी घालून खिशात ठेवली. त्या दिवसांत पुढचं कुणालाच काही सांगता येत नव्हतं. त्याच्याजवळ निदान एक तारीख होती.

म्हणून ताई, लेकीच्या हातातलं पुस्तक ओढू नका. बातम्या लागल्या की टीव्ही बंद करा, तिच्याशेजारी जाऊन बसा आणि चालू आहे ते पान मोठ्यानं वाचायला सांगा. काही विचारू नका, ती आपणहून बोलेल. जेवण, झोप, मैत्रिणी हे सगळंच काही आठवडे सुटलं, तर मात्र समुपदेशकाला भेटा. त्यात कमीपणा नाही.

आणि मला कळवा, सध्या ती कुठलं पुस्तक वाचते आहे. पत्रात तुम्ही ते लिहिलेलंच नाही.